बिनहाडाची कोंबडी

"चाकू उभा धरलायस," आत्या म्हणाल्या. "आडवा धर."

त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

"तुम्हांला कसं कळलं?"

"फळी वाजतीय की. आडवा चाकू वाजत न्हाई."

मी चाकू आडवा केला. फळी वाजायची थांबली, पण कापणंही थांबलं. समोर कोंबडीच्या छातीचा बोनलेस तुकडा पडला होता. फिकट गुलाबी, ओलसर, एका अंगाला चांगला फुगीर आणि दुसऱ्या अंगाला जिभेसारखा निमुळता. तो बोटांखालून निसटत होता. मी त्याला धरत होते आणि त्याच वेळी त्याला हात लावायचं टाळतही होते.

"आई, ती झोपलीय का?" मुक्तानं विचारलं. ती आज्जीच्या शेजारी भातुकली मांडून बसली होती आणि मान वाकडी करून फळीकडे बघत होती.

"न्हाई गं," आत्याच म्हणाल्या. "तुझी आई तिला अंगाई म्हणतीय. मघापासनं नुसती थोपटतीय."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. साताऱ्याकडे सासूला आत्या म्हणतात. मी नाशिकची, पण लग्नानंतर मलाही तेच तोंडात बसलं. माझं लग्न व्हायच्या आधीच त्यांनी तुळशीची माळ घातली होती. घरात वशाट, म्हणजे मटण-कोंबडी, शिजलं तर ते मागच्या गॅलरीत. त्याची शेगडी वेगळी, तवा वेगळा, पातेली वेगळी; काम झालं की सगळं पोत्यात बांधून गॅलरीतल्याच फडताळात. कुणी खाल्लं म्हणून आत्यांनी कधी नाक मुरडलं नाही. त्या फक्त बघत नसत. सासरे होते तोवर रविवारचं मटण तेच रांधायचे, आणि आत्या म्हणे उंबऱ्याच्या आत पाठमोऱ्या बसून वासावरून सांगायच्या, की आता पाणी घाला, आता तिखट पुरे. माझ्या वाट्याला त्या तशाच आल्या होत्या. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, पाटावर, तोंड देवघराकडे.

त्या रविवारी धैर्यशील, माझा नवरा, साखर कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता. आदल्या दिवशी त्यानं कराडहून बोनलेसचं पाकीट आणून फ्रीजमध्ये ठेवलं होतं. "यात एक हाड सापडलं तर माझं नाव बदल," असं मला बजावून गेला होता. हाडाला मी किती घाबरते, हे त्याला ठाऊक होतं.

मार्चमध्ये माझ्या चुलत नणंदेच्या मुलाचं जावळ होतं. मांडवात पंगत बसली होती. मुक्ता माझ्या मांडीवर. मी तिला रश्श्यातला तुकडा बारीक करून भरवत होते आणि शेजारच्या बाईंशी बोलत होते. तेवढ्यात तिनं माझं मनगट पकडलं. ती रडली नाही, खोकली नाही. तिला आवाजच येत नव्हता. ओठ निळे झाले. कुणीतरी तिला माझ्या हातातून हिसकावून पालथी धरली आणि पाठीत थापट्या मारल्या. एक बारीकसं हाड आणि त्याला चिकटलेला तुकडा बाहेर पडला. मग ती रडली. तो आवाज ऐकून मी मांडवातच खाली बसले.

तेव्हापासून मुक्ता चावायचं काही घशाखाली उतरवेना. पोळी तोंडात घेतली की गालात धरून ठेवायची. तास गेला तरी तिथंच. मी बोट घालून बाहेर काढायची. मग मी सगळंच मिक्सरमधून काढायला लागले. वरणभात, भाजी, उपमा. चार वर्षांची पोर बाटलीनं पिणाऱ्या बाळासारखं पातळ खात होती आणि वाळत चालली होती. फ्रॉकांचे खांदे घसरायला लागले होते.

डॉक्टर मोकाशी शांत गृहस्थ. त्यांनी घसा तपासला, फोटो काढून पाहिला, म्हणाले, "घसा ठणठणीत आहे. भीती बसलीय. पण वजन उतरतंय, हे काही चांगलं नाही. तिला चावायला लावा. अंडं, चिकन, पनीर, जे खाईल ते. सोमवारी परत आणा. तसंच असलं तर पुण्याला पाठवावं लागेल, तिथं काही दिवस भरती करून घेतील."

"भरती करून काय करतील?" मी विचारलं.

"नळी घालून भरवतील. तशी वेळ येऊ नये म्हणून तर सांगतोय."

तो सोमवार म्हणजे या रविवारचा दुसरा दिवस.

पनीर तिनं थुंकलं होतं. अंड्याला तोंड लावलं नव्हतं. कोंबडी पूर्वी तिला आवडायची. निदान मांडवातल्या त्या दिवसापर्यंत. पण मला हाडाची धास्ती, म्हणून बोनलेस. आणि कच्चं राहण्याची धास्ती, म्हणून कुकर. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेलं. कच्च्या कोंबडीत काय काय असतं ते मला चित्रांसकट पाठ होतं. तव्यावर टाकलेला जाड तुकडा बाहेरून काळा झाला तरी आत गुलाबी दिसायचा, की तो उचलून मी कुकरमध्ये घालायची आणि शिट्ट्यांवर शिट्ट्या काढायची. निघायचं ते रबर. मग ते रबर मिक्सरमध्ये. करड्या रंगाचा लगदा वाटीत घालून मी मुक्तापुढे बसायची आणि तिच्या तोंडाकडे बघायची.

"कोंबडीला एवढं शिजवत्यात व्हय?" आत्यांनी आदल्या आठवड्यात विचारलं होतं. "मेलेल्याला किती मारशील?"

"आतून कच्ची राहते, आत्या."

"जाड हाय म्हणून ऱ्हाती. पातळ कर की."

म्हणून हा खटाटोप. रात्री मी फोनवर एका बाईचा व्हिडिओ पाहिला होता. ती बाई तुकड्यावर पंजा ठेवायची, चाकू बाजूनं आत सारायची आणि तुकडा पुस्तकासारखा उघडायची. फुलपाखरू, असं ती म्हणाली. मग मधल्या शिवणीवर कापून त्याचे सारखे पातळ दोन काप. सारखी जाडी, म्हणून सारखं शिजणार. लवकर शिजणार, म्हणून मऊ राहणार. ऐकताना पटलं होतं. ते करताना ती बाई हसत होती.

मी चाकू पुन्हा आत घातला. तो वर आला. तुकड्याच्या मधोमध भोक पडलं.

"काय झालं?" आत्यांनी विचारलं.

"भोक पडलं."

"कुटं?"

"वरून."

"म्हंजी चाकूचं तोंड वर करतीयास. धुतलीस का आधी?"

"नळाखाली धुवायची नसते. शिंतोडे उडून जंतू सगळ्या ओट्यावर जातात. कागदानं टिपून घेतलीय."

"धुवायची न्हाई?" आत्यांनी पाठमोऱ्या बसूनच मान हलवली. "मग तुमच्या कालेजात जंतू नुसतं मोजायलाच शिकिवत्यात जणू."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं असावं, कारण मुक्तानं खेळणं सोडून माझ्याकडे पाहिलं.

भोक पडलेला तुकडा मी बाजूच्या ताटलीत ठेवला आणि दुसरा घेतला. त्याच्या पोटाखाली चिकटलेली बारकी पट्टी ओढून काढली. ती वेगळीच निघते. गुळगुळीत बाजू वर, जाड कड उजव्या हाताकडे. तळवा वर ठेवला. चाकू घातला. या वेळी तो खाली उतरला आणि फळीला लागला. एक काप जाड, दुसरा कागदासारखा, कडेला झालर.

"वाजला," आत्या म्हणाल्या.

"ऐकलं मी."

"दमानं घे. तो सकाळचा पाव हाय का गं शिल्लक?"

सकाळी धैर्यशीलसाठी मिसळ केली होती. पावाची बरीचशी लादी उरली होती. मी हात साबणानं धुतले, पुसले, परत धुतले आणि लादी त्यांच्यापुढे ठेवली.

"आन् माझी भाजीची सुरी."

तीही दिली. आत्यांनी एक पाव तोडून पाटाच्या कडेला ठेवला, त्यावर डावा तळवा ठेवला आणि हात खांद्यावरून मागं करून मला दिसेल अशा बेतानं धरायचा प्रयत्न केला. ते काही जमलं नाही. मग त्या किंचित कलत्या झाल्या. तोंड अजून देवघराकडे, पण हात माझ्या बाजूला.

"हे बघ. बोटं वर. दाबायचं न्हाई, नुसता हात ठेवायचा. लेकराला ताप हाय का बघताना ठेवतीस तसा. आन् सुरी फळीच्या संगं चालली पायजे, जमिनीला समांतर. मागंपुढं कचाकचा न्हाई. एकदा घातली की लांब ओढायची."

सुरी पावातून सरकली. कडेला बोटभर राहिलं तिथं त्या थांबल्या. पाव उघडला. दोन्ही पानं सारखी.

"हितं थांबायचं. न्हाईतर पुस्तकाची पानं सुटत्यात."

"आज्जी, मला दे पुस्तक," मुक्ता म्हणाली.

आत्यांनी तो पाव तिला दिला. मुक्तानं तो आपल्या इवल्याशा परातीत ठेवला, प्लास्टिकची सुरी घेतली आणि आज्जीसारखाच तळवा टेकवून बोटं वर केली. तिनं तो कुरतडला, चिमटीत एक तुकडा धरला, त्याच्याकडे बघितलं. मी गॅलरीतल्या टेबलापाशीच होते. तिचा हात वर जायला लागला, ओठांच्या दिशेनं. पाव वाईट. पाव तोंडात गेला की गोळा होतो, टाळूला चिकटतो.

"मुक्ता," मी म्हणाले, "हळू हं बाळा. छोटा घास. चावशील ना? नीट चावायचं. आई बघतेय."

मुक्तानं माझ्याकडे पाहिलं. हात खाली आला. तो तुकडा तिनं परातीत ठेवला, वर इवलंसं झाकण घातलं आणि म्हणाली, "हे बाहुलीचं आहे."

आत्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या, पाट उचलला आणि फिरवून ठेवला. देवघराकडे पाठ, गॅलरीकडे तोंड. पदर सारखा करून त्या त्यावर मांडी घालून बसल्या आणि सरळ माझ्या फळीकडे बघायला लागल्या. फळीवर, ताटलीत, सगळं उघडं पडलं होतं.

"आत्या," मी म्हणाले.

"काय?"

"नाही. तुम्ही... इकडे."

"मग काय करू? असं पाठमोरं सांगून तुला जन्मात यायचं न्हाई. घे तिसरा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, माझ्या पहिल्या दिवाळीला माहेरची माणसं जेवायला होती, तेव्हासुद्धा या बाईनं गॅलरीकडे तोंड केलं नव्हतं. आणि मला एक कोंबडी कापता येईना म्हणून त्यांना आज बघावं लागत होतं.

"मी करते, आत्या. तुम्ही बसा तिकडे तोंड करून. मला जमेल."

"जमलं की बसते."

मी तिसरा तुकडा घेणार, तेवढ्यात काहीतरी सुचलं. पाकिटातले उरलेले तुकडे फ्रीजमध्येच होते. वरच्या कप्प्यात बर्फाशेजारी ठेवलेले, अजून पुरते सैल न झालेले. ताटलीतले दोन्ही तुकडे मी सकाळीच बाहेर काढून ठेवले होते, त्यामुळे ते लिबलिबीत झाले होते. मी कडक तुकडा आणला.

"ह्यो बरा दिसतोय," आत्या म्हणाल्या. "उभा तरी ऱ्हातोय."

"अर्धवट गार असला की चाकू सरळ जातो. माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं."

"आलं न्हवं आता? हात ठेव."

मी हात ठेवला. मुक्ता आता दिसत नव्हती. आत्यांच्या पाठीमागं तिची भांडी वाजत होती. मी मान तिरकी केली.

"वर बघू नगंस," आत्या म्हणाल्या. "बोट जाईल."

"मुक्ता काय करतेय?"

"सैपाक करतीय. तू तुझा कर."

जाड कडेपासून चाकू आत गेला. आत्यांनी नवा पाव घेतला आणि माझ्याबरोबर कापायला सुरुवात केली. त्या पावावर, मी कोंबडीवर.

"लांब ओढ. आता मागं घे. परत लांब. थांब, वर चाललीयास. चाकूचं पातं डाव्या तळव्याला जाणवतंय का खालनं?"

"जाणवतंय."

"सारखं जाणवतंय का?"

"मध्ये जाड आहे."

"मग मधी जरा खाली. बास. आता बोटभर ऱ्हाऊ दे."

माझी मान पुन्हा वळायला लागली. पाठीमागची भांडी गप्प झाली होती. मला शांतता कधीच सोसत नसे. मांडवातही शांतताच होती.

"वैजू," आत्या म्हणाल्या, "खाली बघ. उघड त्येला."

मी तुकडा उघडला. पुस्तकासारखा. दोन्ही पानं सारखी, मध्ये शिवण, कुठं भोक नाही. मी त्याच्याकडे बघतच राहिले. आपल्या हातचं असं काही नीटनेटकं बरेच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"जमलं," मी म्हणाले. "आता तोंड फिरवा तुम्ही."

"एकावर जमलं. आंधळ्या हातानं पण एक दगड लागतो. अजून हायेत का?"

"एक आहे. शिवाय याची शिवण कापायचीय."

"मग काप. आन् मला अजून एक पाव दे."

"अहो, तुमच्याकडे आहे ना लादी. मघाशी मीच दिलीय."

"व्हय की," त्या म्हणाल्या आणि हात मागं नेऊन पाव चाचपडत राहिल्या. मला वाटलं, वयच झालं.

शिवणीवरून चाकू फिरवला. दोन काप, तळहाताएवढे, सारखे पातळ. शेवटचा तुकडा तर एकाच ओढीत उघडला. आत्या पावामागून पाव कापत होत्या आणि मध्येच माझी मान हलली की लगेच म्हणायच्या, "खाली बघ", "मनगट सैल सोड", "कड बघ कड". इतकं तपशिलानं त्यांनी मला भाकरीही शिकवली नव्हती. मला जरा रागही आला. जमतंय ते दिसत असून ही बाई सोडेना का?

"जाडी अजून थोडी कमी करायला हलकं ठोकायचं असतं," मी म्हणाले. "वर प्लास्टिक घालून. लाटणं दिलंत तर..."

"माझं लाटणं?"

"वरून प्लास्टिक असतं, आत्या."

"प्लास्टिक असू दे न्हाईतर सोन्याचा पत्रा. लाटणं मिळायचं न्हाई. फडताळातला तांब्या घे त्या शेगडीजवळचा. त्येच्या बुडानं ठोक."

तांब्याच्या बुडानं ठोकले. मीठ, मिरी, आलं-लसणाचं थोडं वाटण, लिंबू. वशाटाचा तवा तापवला, तूप सोडलं, काप टाकले. चर्र झालं आणि मी सवयीनं बाजूचा कुकर पुढे ओढला. पण कुकरची वेळच आली नाही. बघता बघता कडा पांढऱ्या झाल्या, पांढरेपणा मध्यापर्यंत चढला. उलटले तर खाली बदामी डाग पडलेले. एक काप ताटलीत घेऊन मी मधोमध चिरला. आतबाहेर पांढरा, आणि चिरताना रस सुटला. मी चष्मा वर करून बघितलं, उजेडाकडे नेऊन बघितलं. कुठंही गुलाबी नव्हतं.

"शिजली?" आत्यांनी विचारलं.

"शिजली."

"लगीच?"

"लगेच."

"मग कुकर कशाला कवटाळून उभी ऱ्हायलीस?"

मी कुकर खाली ठेवला. मुक्तासाठी एक काप वेगळा काढला आणि मिक्सरचं भांडं आणायला आत निघाले. उंबऱ्यात आत्या बसलेल्या, म्हणून त्यांना वळसा घालायला लागला. खाली पावाचा कागद पडला होता. लादीतला एकच पाव उरला होता.

कापलेले पाव कुठंच नव्हते.

"आत्या, पाव कुठं गेले?"

"खाल्लं."

"तुम्ही?"

"मी बेकरीचं खाते व्हय कधी?"

मी त्यांच्यामागं बघितलं. मुक्ता भिंतीला टेकून बसली होती. परात मांडीवर. तिच्या हातात अर्धा पाव होता आणि फ्रॉकवर, मांडीवर, बाहुलीच्या केसांत सगळीकडे पावाचा चुरा. तिचा एक गाल फुगलेला होता. तो गाल मला पाठ होता. त्यात घास तासन्‌तास राहायचा. माझा हात आपोआप पुढं झाला. पण माझ्या डोळ्यांदेखत तो गाल हलला, दुसरीकडे गेला, आणि मग गळ्याची ती इवलीशी हालचाल झाली. खाली गेलं.

तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती उरलेल्या पावात प्लास्टिकची सुरी आडवी घालत होती. बोटं वर, तळवा सपाट.

"किती वेळ?" मी आत्यांना विचारलं. आवाज अगदी खाली आला होता.

"तू भोक पाडलंस न्हवं, त्येच्यानंतर. तू आई बघतेय म्हनलीस आन् तिनं घास खाली ठेवला. मग मी फिरून बसले. जरा वेळानं बघते तर झाकण काढून खातीय." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "तुझी मान काय थांबंना. किती कापायचं मी तरी?"

मी पुढं झालेला हात मागं घेतला आणि डोळे पुसले.

"आता रडू नगंस तिच्यापुढं," आत्या म्हणाल्या. "परत बघंल ती तुझ्याकडं. पाठ रुंद हाय माझी, पर किती दिवस आड येणार?"

"तुम्ही इकडे तोंड केलंत," मी म्हणाले. "एवढी वर्षं..."

"केलं. माळ बघतीय व्हय, कुणाकडं तोंड हाय ते? मी हात लावला न्हाई कशाला." मग जरा थांबून म्हणाल्या, "आन् तुझ्या सासऱ्याएवढं काय तुझं चांगलं न्हाई झालं. मिरी जास्त दिसतीय मला."

मुक्तानं पाव उघडला होता. तो तिनं वर धरला.

"आई, हे पुस्तक. यात ती ठेव."

"काय ठेवू?"

"कोंबडी. आज्जीनं सांगितलं, तू पण पुस्तक केलंस."

मिक्सरचं भांडं अजून आतच होतं. मी आत्यांकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच गॅलरीकडे खूण केली. मी परत गेले, तो काप घेतला. लांब, बारीक पट्ट्या कराव्यात की तुकडे, हे काही सुचेना. शेवटी पावाएवढा काप कापला, बोटांनी दाबून बघितला, चुरला जातो का बघितला, आणि मुक्ताच्या पुस्तकात ठेवला. तो मऊ होता. दोन बोटांत सहज तुटत होता.

"पाणी देऊ का शेजारी?" मी विचारलं.

"माझ्यापाशी हाय पाणी," आत्या म्हणाल्या. "तू तवा घास जा."

"तवा गरम आहे."

"मग फळी घास."

मी गॅलरीतल्या मोरीशी गेले, पाठ केली आणि नळ सोडला. फळीवर साबण घातला. उकळतं पाणी घालायला हवं, हे मला ठाऊक होतं. पण त्यासाठी वळून शेगडीपाशी जायला लागलं असतं. मी फळी घासत राहिले. पाठीमागं मुक्ता कुजबुजत होती. बाहुलीला सांगत असावी. आत्यांचा आवाज येत नव्हता. मुक्ता त्यांना टेकून बसली असणार. ती तुपाचे हात त्यांच्या लुगड्याला पुसत असेल. वशाटाचं तूप. त्या हलल्या नाहीत, पाट वाजला नाही त्यावरून एवढं मला कळत होतं.

मग कुजबुजणं थांबलं.

मी फळी दुसऱ्या बाजूनं घासायला घेतली. ती आधीच स्वच्छ होती. मांडवातलं मनगट आठवलं, त्याच्यावरची तिची बोटं. मी नळ बारीक केला, ऐकू यावं म्हणून. काही ऐकू येईना. मग नळ पुन्हा मोठा केला, ऐकू येऊ नये म्हणून.

मुक्ता खोकली.

एकदाच. माझ्या हातातली फळी मोरीत पडली. माझे खांदे वळले होते, पाय वळले होते, फक्त मान उरली होती. तेवढ्यात आत्यांचा आवाज आला. घाई नव्हती, काळजी नव्हती. शेजारणीला वेळ विचारावी तसा.

"काय झालं गं?"

पेल्याचा आवाज झाला. घटघट पाणी गेलं. मी नळावर हात घट्ट धरून उभी होते. थेंब बोटांवरून मनगटाकडे जात होते.

"तिखट आहे," मुक्ता म्हणाली. मग तोंड भरल्यावर येतो तशा जाड आवाजात, "पण मी खाणारे."

"वैजू," आत्यांनी मला हाक मारली, "ऐकलंस का? पुढच्या खेपेला मिरी जरा कमी घाल."

"घालते," मी म्हणाले, आणि फळी उचलून परत धुवायला लागले.